पेन ड्राइव्हची नाडीपरीक्षा

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका मराठी घरी भाऊबीजेला सगळे जमले होते. जेवणे आटोपली, विडे झाले आणि पुण्याहून आलेल्या आत्याबाईंनी फर्मान सोडले, ‘‘आईच्या ओव्या लाव गं जरा.’’ घरातल्या आजी वाईकडच्या. लग्न होऊन बडोद्याला आल्या त्या जात्यावरच्या ओव्यांचे गाठोडे बरोबर घेऊनच. २०१५ च्या दिवाळीत नातवाने कुणाचा तरी आवाज टिपण्याचा यंत्र-रेकॉर्डर मागून आणला आणि आजींना समोर बसवून अकरा ध्वनिमुद्रणे करून घेतली. ती सगळी ८ जीबीच्या एका पेन ड्राइव्हवर टाकली. रेकॉर्डर ज्याचा त्याला परत गेला, आणि जाताना पुसून गेला. आजी २०१९ मध्ये गेल्या. अकरा ध्वनिमुद्रणांची दुसरी प्रत काढून ठेवायची, असे घरात दर दिवाळीला ठरत असे.

सूनबाईंनी दिवाणावर लॅपटॉप ठेवून पेन ड्राइव्ह लावला. दुसरी ओवी सुरू होते न होते तोच पकडापकडी खेळणारा धाकटा पाहुणा दिवाणावरून उडी मारून गेला आणि त्याचा गुडघा नेमका पेन ड्राइव्हवर आपटला. ‘कट्’ असा बारीक आवाज झाला. आजींचा आवाज थांबला.

पुढचा अर्धा तास त्या घरात जे झाले ते कोणत्याही घरात होते. पेन ड्राइव्ह काढला, फुंकर मारली, पुन्हा लावला. दिवा लागेना. बोटाने जरा वर उचलून धरला तर लागला, सोडला की गेला. असे पाच-सात वेळा झाल्यावर पडद्यावर एक चौकट उमटली. हा ड्राइव्ह वापरायचा तर आधी फॉरमॅट करावा लागेल, करायचा का? नातवाचे बोट ‘होय’कडे निघालेच होते. आत्याबाई म्हणाल्या, ‘‘थांब रे. तो विचारतोय ना, मग आधी विचार कर.’’

आत्याबाईंना संगणकातले काही कळत नाही, असे त्या स्वतःच सांगतात. त्या संध्याकाळी सर्वांत शहाणा सल्ला मात्र त्यांचाच होता.

पेन ड्राइव्ह ही वस्तू आता इतकी सर्वसाधारण झाली आहे की किल्ल्यांच्या जुडग्यात, दप्तराच्या कप्प्यात, देवघराच्या खणात कुठेही सापडते. तिचा जन्म मात्र फार जुना नाही. आतली मुख्य चीज म्हणजे फ्लॅश मेमरी. ती जपानमधल्या तोशिबा कंपनीतले अभियंते फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात शोधली. तिचा एक प्रकार त्यांनी १९८४ मध्ये जगापुढे मांडला, आणि आज पेन ड्राइव्हमध्ये असतो तो ‘नँड’ नावाचा प्रकार १९८७ मध्ये. साठवलेले सगळे एका झटक्यात पुसले जाते हे पाहून त्यांच्या एका सहकाऱ्याला कॅमेऱ्याच्या फ्लॅशची आठवण झाली, म्हणून हे नाव. संगणकाला ती जोडणारी खाच, म्हणजे यूएसबी, तिचा पहिला आराखडा १९९६ च्या जानेवारीत आला. तो घडवणाऱ्या इंटेलच्या चमूतले प्रमुख नाव अजय भट्ट हे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे विद्यार्थी. म्हणजे गुडघा आपटला तो बडोद्याच्याच एका कर्तबगारीवर! २००० साली सिंगापूरच्या ट्रेक कंपनीचा ‘थंबड्राइव्ह’ आणि इस्रायलच्या एम-सिस्टिम्सने बनवलेला, आयबीएमने विकलेला ‘डिस्कऑनकी’ बाजारात आले. त्यात ८ एमबी मावत असे. आजच्या हिशेबाने जेमतेम दोन गाणी. पण तेव्हाच्या फ्लॉपीत १.४४ एमबीच मावत असल्याने लोकांनी तोंडात बोटे घातली.

पेन ड्राइव्हचे कवच उघडले तर आत बोटाच्या पेराएवढी हिरवी किंवा निळी पट्टी दिसते. एका टोकाला चार पत्र्यांची चपटी जोडणी. त्यातले बाहेरचे दोन पत्रे विजेचे आणि मधले दोन माहितीच्या ये-जा करण्याचे. बाहेरचे दोन मुद्दाम थोडे लांब ठेवलेले असतात, म्हणजे आधी वीज पोचावी आणि मग बोलणे सुरू व्हावे. संगणकाकडून ५ व्होल्ट येतात. एक छोटासा रेग्युलेटर ते ३.३ व्होल्टपर्यंत उतरवतो. बऱ्याच ड्राइव्हमध्ये चकचकीत डबीत बसवलेला क्वार्ट्झचा स्फटिक असतो. तो घड्याळासारखा ठेका धरतो. मग येतो कंट्रोलर नावाचा काळा चौकोनी तुकडा आणि शेवटी मेमरीची चिप.

यातली मेमरी म्हणजे कोठार आणि कंट्रोलर म्हणजे कोठीवाला. कोणते पोते कुठल्या फळीवर आहे ते फक्त कोठीवाल्याला ठाऊक. तो पोती सतत हलवतही असतो, कारण फ्लॅश मेमरीच्या प्रत्येक घराचे आयुष्य मोजके असते. तीच ती जागा पुन्हा पुन्हा लिहिली-पुसली तर ती झिजते, म्हणून झीज सगळीकडे सारखी वाटली जावी अशी त्याची खटपट चाललेली असते. शिवाय तो माहिती पत्त्यांसारखी पिसून ठेवतो आणि चुका दुरुस्त करता याव्यात म्हणून शेजारी गणिती खुणाही मांडतो. हे लक्षात ठेवले म्हणजे पुढची बरीच गुंतागुंत आपोआप उलगडते. कोठार शाबूत आणि कोठीवाला मेला, की माल असूनही नसल्यासारखा.

दुसऱ्या दिवशी सूनबाई पेन ड्राइव्ह घेऊन मोबाइल दुरुस्तीच्या एका दुकानात गेल्या. दुकानदाराने तो लावून पाहिला आणि तत्परतेने म्हणाला, ‘‘बेन, फॉर्मेट मारी दऊं. नवी जेवी थई जशे.’’ त्या माणसाची यात काही लबाडी नव्हती. त्याच्याकडे येणाऱ्या दहातल्या नऊ जणांना पेन ड्राइव्ह चालू करून हवा असतो. सूनबाईंना पेन ड्राइव्ह नको होता, आतल्या ओव्या हव्या होत्या. या दोन मागण्या एकमेकींच्या अगदी उलट आहेत, आणि हे गिऱ्हाइकाने स्पष्ट सांगितले नाही तर समोरच्याला कळत नाही. पेन ड्राइव्ह दुरुस्त करण्याची म्हणून जी छोटी सॉफ्टवेअर फुकट मिळतात, त्यांतली पुष्कळशी कारखान्यातल्यासारखी चिप कोरी करून कंट्रोलरला नव्याने धडा शिकवतात. ड्राइव्ह ठणठणीत होतो आणि माहिती कायमची जाते. रोगी दगावला पण शस्त्रक्रिया यशस्वी झाली, म्हणतात ना, त्यातलाच प्रकार.

सूनबाईंनी ड्राइव्ह परत घेतला आणि यजमानांच्या ओळखीच्या एका सरांकडे गेल्या. सर आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवून निवृत्त झालेले, मराठी मंडळाच्या गणपतीतले ध्वनिक्षेपक वर्षानुवर्षे त्यांच्याच हाती. त्यांनी पेन ड्राइव्ह लगेच कशालाही लावला नाही. आधी विचारले, ‘‘वहिनी, याला कुणीकुणी हात लावलाय? आणि काय काय करून पाहिलंय?’’

‘‘खरं सांगू का सर, सगळ्यांनीच.’’

‘‘सांगा सगळं. रागावत नाही.’’

जुने वैद्य नाडी पाहण्याआधी काय खाल्ले, कधी झोपलात, हे विचारत. पेन ड्राइव्हचेही निम्मे निदान हकीगतीत होते. पडला की पाण्यात गेला? वापरताना अचानक उपसून काढला का? शेवटचा चालला तेव्हा अडखळत होता की एकदम बंद पडला? कुठल्या संगणकाला लावल्यावर गेला? हा शेवटचा प्रश्न फार जणांना सुचत नाही. सुटे भाग आणून जोडलेल्या संगणकात पुढच्या बाजूच्या खाचांची तार कधीकधी उलटी बसवलेली असते. अशा खाचेत घातलेला ड्राइव्ह तापतो आणि जातो, आणि मालक तीच खाच तपासायला दुसरा ड्राइव्ह घालून तोही घालवतो.

हकीगतीनंतर लक्षणे. इथे जरा सावकाश जायला हवे, कारण पडद्यावर दिसणाऱ्या निरनिराळ्या संदेशांचे अर्थ अगदी वेगवेगळे असतात आणि सामान्य वापरणारा त्या सगळ्यांना ‘चालत नाही’ या एकाच शब्दात बसवतो.

ड्राइव्ह लावला आणि काहीच झाले नाही, दिवा नाही, संगणकाचा तो ‘टुंग’ आवाज नाही, तर बहुधा वीजच पोचत नाही. जोडणीचा टाका निघालेला असेल, एखादा बारीक फ्यूज उडालेला असेल किंवा रेग्युलेटर गेलेला असेल. ऐकायला हे सर्वांत भयंकर वाटते. प्रत्यक्षात यातली बरीच प्रकरणे सर्वांत सोपी निघतात, कारण कोठार आणि कोठीवाला दोघेही धडधाकट असतात, फक्त दाराशी वीज नसते. हाताला चटका बसेल इतका ड्राइव्ह तापत असेल तर मात्र आत कुठेतरी शॉर्ट झाले आहे. तो ताबडतोब काढावा आणि पुन्हा लावून पाहण्याचा मोह आवरावा.

संगणकाने आवाज केला पण ‘हे यंत्र ओळखता येत नाही’ असे म्हटले, तर वीज पोचते आहे आणि संवाद जुळत नाही. मधल्या दोन पत्र्यांपैकी एखाद्याचा टाका सुटला असेल, आपटल्यामुळे स्फटिक तडकला असेल किंवा कंट्रोलरच बिघडला असेल. खात्रीसाठी ड्राइव्ह दुसऱ्या खाचेत, दुसऱ्या संगणकावर एकदा लावून पाहावा. एकदाच. मधल्या जोडतारा, फाटे सगळे काढून थेट लावावा.

तिसरी तऱ्हा फसवी. ड्राइव्हचे अक्षर दिसते, त्यावर टिचकी मारली की ‘कृपया डिस्क घाला’ असा संदेश येतो. डिस्क तर घातलेलीच आहे! घरोघरी या संदेशाने डोके पिकवले आहे. याचा अर्थ असा, की कोठीवाला जागा आहे आणि हजेरी देतो आहे, पण त्याला कोठार उघडता येत नाही. कंट्रोलरला लागणाऱ्या सूचनांचा काही भाग मेमरीच्या चिपमध्येच ठेवलेला असतो. तोच वाचता आला नाही की तो भांबावतो. अशा वेळी विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये ड्राइव्हच्या छापील नावाऐवजी कंट्रोलर बनवणाऱ्याचे भलतेच नाव दिसते आणि क्षमता शून्य किंवा काही एमबी इतकीच दाखवली जाते. इथे कुठलेही सॉफ्टवेअर उपयोगाचे नाही. सॉफ्टवेअरला वाचायला समोर काही असावे तर लागते.

म्हणून सर सर्वांत आधी पाहतात ती क्षमता. विंडोजमधल्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये ती दिसते. ८ जीबीचा ड्राइव्ह तिथे साधारण ७.४ जीबी दिसला तर घाबरू नये. बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात आणि विंडोज १०२४ च्या, त्यातला हा फरक आहे. क्षमता बरोबर दिसते आणि तरी ‘फॉरमॅट करा’ असा आग्रह होतो, तर सहसा बातमी चांगली असते. कोठार आहे, कोठीवाला आहे, फक्त वही फाटली आहे. ड्राइव्हच्या सुरुवातीच्या भागात कुठली फाइल कुठे आहे याचे तक्ते असतात. ते बिघडले की विंडोजला सगळी जागा कोरी वाटते आणि तो नवी वही घालू का म्हणून विचारतो. मजकूर आत तसाच असतो. वही नवी घातली, म्हणजे क्विक फॉरमॅट केले, तरीही बराचसा मजकूर जागेवर राहतो. मात्र त्या ‘क्विक’च्या चौकटीतली खूण काढली तर गोष्ट वेगळी. विंडोज व्हिस्टापासून पुढे पूर्ण फॉरमॅट म्हणजे सगळीकडे शून्ये लिहून टाकणे. त्यानंतर परत मिळवण्यासारखे काही उरत नाही.

चेकडिस्क नावाची विंडोजची स्वतःची दुरुस्तीसुद्धा अशा वेळी वापरू नये. तिला वहीचा हिशेब जुळवायचा असतो, मालाची काळजी नसते. न जुळणारे तुकडे ती एका फोल्डरमध्ये .सीएचके अशा शेपटाच्या फाइली करून कोंबते आणि मूळ खुणा पुसते.

याशिवाय दोन किरकोळ दुखणी, जी दुखणी नसतातच. झेरॉक्सच्या दुकानातून परत आलेल्या ड्राइव्हमध्ये सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झालेले असतात. तो व्हायरसचा प्रताप. मूळ फाइली तिथेच लपवलेल्या असतात. लपलेल्या आणि सिस्टिमच्या फाइली दाखवण्याची सोय चालू केली की त्या दिसतात. त्या शॉर्टकटांवर मात्र टिचकी मारू नये. दुसरे, काही लिहायला गेले की ड्राइव्ह ‘राइट प्रोटेक्टेड’ म्हणतो. कडेला तसे बटण नसेल तर हा बहुधा कंट्रोलरचा निरोप असतो. झीज फार झाली की काही कंट्रोलर लिहिणे बंद करतात आणि वाचू तेवढे देतात. तेव्हा बटण शोधत न बसता आतले सगळे त्याच दिवशी उतरवून घ्यावे.

आणि एक दुखणे असे, की ज्याला औषध नाही. रस्त्यावर, जत्रेत किंवा अगदी ऑनलाइनही अवाच्या सवा क्षमतेचे ड्राइव्ह कवडीमोलाने मिळतात. आतली चिप असते लहान, आणि कंट्रोलरला खोटे बोलायला शिकवलेले असते. खरी जागा भरली की पुढचे सगळे हवेत लिहिले जाते किंवा आधीच्यावर चढते. फाइलींची नावे दिसतात, उघडत मात्र नाहीत. जे कधी लिहिलेच गेले नाही ते जगातली कुठलीही प्रयोगशाळा परत देऊ शकत नाही. नवा ड्राइव्ह घेतला की तो आधी काठोकाठ भरून आणि परत वाचून तपासणारी एच२टेस्टडब्ल्यू, एफ३ अशी फुकट सॉफ्टवेअर आहेत. लग्नाचा व्हिडिओ त्यात टाकण्यापूर्वी एवढे करायला हरकत नाही.

सरांनी भिंगातून पाहिले तर जोडणीच्या चारपैकी दोन टाक्यांभोवती केसाएवढी गोल चीर होती. एक विजेचा, एक माहितीचा. बोटाने उचलून धरल्यावर दिवा लागत होता तो यामुळे. ‘‘वहिनी, गुडघ्यानं निम्मंच नुकसान केलं,’’ सर म्हणाले. ‘‘बाकीचं उचलून धरण्यानं झालंय.’’

ते कसे, हे समजण्यासारखे आहे. फ्लॅश मेमरीत वहीतल्यासारखे एक अक्षर खोडून तिथेच दुसरे लिहिता येत नाही. पुसायचे तर एक मोठा गठ्ठा एकदम पुसावा लागतो. म्हणून एखादी बारीकशी नोंद बदलायची झाली तरी कंट्रोलर नवी पाने दुसरीकडे उतरवतो, जुना गठ्ठा पुसतो आणि आपल्या यादीत पत्ता बदलतो. हे चालू असताना वीज गेली, की धड जुने नाही आणि धड नवे नाही. ड्राइव्ह नुसता लावला तरी संगणक आणि कंट्रोलर काही ना काही खुडबुड करतातच. पाच-सात वेळा उचलून धरताना आणि सोडताना नेमका पहिला गठ्ठा, जिथे तक्ते आणि मुख्य यादी शेजारीशेजारी असतात, तो धारातीर्थी पडला. सुरक्षितपणे काढा असे संगणक सांगतो, तेही याच कारणाने.

पहिले काम डागाचे. सरांनी चारही टाके नव्याने घातले, मल्टिमीटरने ५ आणि ३.३ व्होल्ट पोचतात का ते पाहिले. कवच घातलेच नाही. टाके निघालेले नसून पट्टीवरचा पत्राच उचकटला असता तर जुन्या केबलच्या चार तारा थेट जोडाव्या लागल्या असत्या. तेही काम अवघड नसते, हात थरथरणारा नको इतकेच. डाग दिल्यावर ड्राइव्ह लावला. दिवा लागला, क्षमता ७.४ दिसली आणि पुन्हा तीच चौकट, फॉरमॅट करायचा का?

नातू म्हणाला, ‘‘सर, रिकव्हरीचं सॉफ्टवेअर माझ्याकडे आहे. चालवू?’’

‘‘यावर नाही. आधी नक्कल.’’

निष्णात माणूस आणि हौशी माणूस यांतला फरक इथे दिसतो. आजारी ड्राइव्हकडे किती वाचने शिल्लक आहेत ते कुणाला माहीत? शोधाशोध करणारे सॉफ्टवेअर तोच ड्राइव्ह पुन्हा पुन्हा चाळते. त्याऐवजी पहिल्यांदा पहिल्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत जसेच्या तसे सगळे एका मोठ्या फाइलमध्ये उतरवून घ्यायचे, म्हणजे प्रतिमा काढायची, आणि पुढचे प्रयोग त्या प्रतिमेवर करायचे. लिनक्सवर डीडीरेस्क्यू नावाचे साधन यासाठीच आहे. सरळ वाचता येणारा भाग ते आधी घेते, अडणाऱ्या जागा सोडून पुढे जाते आणि त्यांच्याकडे शेवटी परत येते. कुठवर झाले याची नोंद ठेवते, म्हणून मधेच वीज गेली तरी पहिल्यापासून सुरुवात नको. विंडोजवर ड्राइव्ह लावून ठेवण्यापेक्षा हे बरे. प्रतिमा मोजून त्याच ड्राइव्हवर ठेवणारे महाभागही असतात, आणि सापडलेल्या फाइली त्यातच परत साठवणारे तर पुष्कळ. हरवलेले दागिने शोधताना त्याच खोलीत नव्याने फरशी घालण्यातला हा प्रकार आहे.

सरांच्या संगणकावर नक्कल रात्रभर चालली. थोड्या जागा सोडल्या तर सगळे आले. मग टेस्टडिस्कने वही जुळते का पाहिले. फॅट पद्धतीच्या ड्राइव्हमध्ये तक्त्याच्या दोन प्रती ठेवलेल्या असतात, एक बिघडली तर दुसरी कामाला यावी म्हणून. इथे दोन्ही एकाच गठ्ठ्याच्या आसपास असल्याने दोन्ही गेल्या होत्या. फोल्डर करून ठेवले असते तर त्यांच्या आतल्या याद्या पुढे कुठेतरी सुखरूप सापडल्या असत्या. नातवाने अकराही ध्वनिमुद्रणे मोकळीच टाकली होती आणि त्यांच्या भोवती कुठल्याशा लग्नासाठी गोळा केलेली दोन-अडीचशे गाणी.

राहिला शेवटचा उपाय. फोटोरेक हे सॉफ्टवेअर वही विचारतच नाही. ते प्रतिमेचे पान न् पान उलटते आणि चेहऱ्यावरून ओळखते. प्रत्येक जातीच्या फाइलीची सुरुवात ठरावीक खुणेने होते. छायाचित्राची निराळी, एमपी३ ध्वनीची निराळी. खूण दिसली की तिथून पुढचे उचलायचे. यात फाइलींची नावे मिळत नाहीत, एफ या अक्षरापुढे आकड्यांची माळ मिळते. आणि एखादी फाइल तुकड्यातुकड्यांनी साठवलेली असेल तर पहिल्या तुकड्यापुढे जे कुणी शेजारी राहत असेल तेच तिला चिकटून येते.

हे सगळे जमले कारण चिप आणि कंट्रोलर जिवंत होते. कंट्रोलर मेला असता तर काम घरगुती राहिले नसते. मग मेमरीची चिप गरम हवेने उकलून काढतात. जुन्या घडणीच्या चिपला दोन्ही बाजूंना चोवीस-चोवीस पाय असतात; ती खास यंत्रात बसवून कच्चा माल वाचतात, आणि मेलेल्या कोठीवाल्याने पत्ते कोणत्या रीतीने पिसले होते ते शोधून उलटे लावतात. कित्येक तासांचे, कधी दिवसांचे काम. अलीकडच्या नखाएवढ्या ड्राइव्हमध्ये आणि मायक्रो एसडी कार्डांत तर चिप, कंट्रोलर सगळे एकाच काळ्या वडीत ओतलेले असते. तिथे वरचा लेप खरवडून, सूक्ष्मदर्शकाखाली केसापेक्षा बारीक तारा जोडाव्या लागतात. अशी वडी मधून तडकली तर बहुतेक कारागीर हात जोडतात. मोठ्या शहरांतून ही कामे करणारे आहेत. त्यांच्याकडे जाण्यापूर्वी तपासणीचे किती, माहिती मिळाली नाही तर किती, आणि मिळालेल्या फाइलींची यादी पैसे देण्याआधी दाखवणार का, हे तीन प्रश्न विचारावेत. ड्राइव्ह न पाहता फोनवरच शंभर टक्क्यांची हमी देणारा भेटला तर फोन ठेवावा.

पाण्यात भिजलेल्या ड्राइव्हचे मात्र उगाच भय घेतले जाते. कपड्यांबरोबर धुतला गेलेला ड्राइव्ह वाळवल्यावर चालल्याची उदाहरणे घरोघर असतील. ओला असताना लावणे हाच खरा धोका. समुद्राचे किंवा चहाचे पाणी असेल तर आधी स्वच्छ, शक्यतो शुद्ध पाण्याने धुऊन मग दोन-तीन दिवस हवेशीर वाळवावा. तांदळाच्या डब्यात पुरून ठेवण्याने विशेष काही साधत नाही. फ्रीजरमध्ये ठेवणे तर निव्वळ वेडेपणा, बाहेर काढला की दव धरते.

तिसऱ्या दिवशी सरांनी सूनबाईंना एक डिस्क दिली. तीत दोनशे साठच्या वर ध्वनिफाइली, सगळ्यांना आकड्यांची नावे. कुठली गाणी आणि कुठल्या ओव्या हे ऐकूनच ठरवायचे होते. आत्याबाईंनी पुण्याचे परतीचे तिकीट चार दिवस पुढे ढकलले. दुपारची जेवणे झाली की त्या दिवाणावर बसत, नातू एकेक फाइल लावी आणि त्या वहीत लिहीत. सनई, सोडून दे. हे सिनेमातले, सोडून दे. हं, थांब. ही भावाची ओवी. लिही, आई, भावाची, पहिली.

चौथ्या दिवसापर्यंत अकरांपैकी नऊ अखंड सापडल्या. एक सापडलीच नाही. आणि एकीत आजी माहेरच्या वाटेचे वर्णन गाता गाता कृष्णेच्या घाटापर्यंत आल्या आणि तिथून पुढे एकदम लग्नाचा बँड वाजू लागला. नातू ती फाइल कापून नीट करू म्हणाला. आत्याबाईंनी हात वर केला. ‘‘राहू दे रे. पुढचं मला पाठ आहे. तो रेकॉर्डर मिळतो का बघ पुन्हा.’’

या वेळी प्रती तीन काढल्या. एक बडोद्याला, एक आत्याबाईंच्या पर्समध्ये पुण्याला आणि एक सरांनी न सांगता स्वतःकडे ठेवून घेतली.